अकरावा क्रमांक

कचेरीत आम्ही मसुदे लिहितो. सही साहेबांची असते. त्याचे दुःख आम्ही सहसा करीत नाही. परंतु गेल्या रविवारी एका प्रश्नाने ते जागे केले.

चर्च स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'अमर चित्रकथे'तील 'कृष्ण' दिसला. "ह्या मालेतले हे पहिले," आम्ही कन्येला ऐटीत सांगितले. तिने क्रमांक दाखविला. "बाबा, इथं तर अकरा आहे! मग पहिली दहा कुठं गेली?"

ती दहा तिच्याच गावची. 1965 साली बेंगळुरात जी. के. अनंतराम यांनी परदेशी परीकथांची दहा पुस्तके कन्नडमध्ये काढली. पुढे मुंबईत अनंत पै यांनी भारतीय कथा आरंभिल्या, त्या अकरापासून. त्या अकराव्या पुस्तकातला कृष्ण राम वाईरकर यांनी रेखाटला. 1983 साली 'टिंकल'मध्ये सुपंडी अवतरला. त्रिचीच्या एका वाचकाने धाडलेल्या तमिळ लोककथांतील त्या भाबड्या नोकराला रूप दिले तेही वाईरकरांनीच. एकाच हाताने देवही घडविला आणि वेडाही!

बालपणी आम्ही ह्या दोघांवर जीव टाकला. चित्रकाराचे नाव मात्र कधी वाचले नाही. फ्रान्समध्ये चित्रकथेला नववी कला म्हणतात. 'आस्टेरिक्स'च्या मुखपृष्ठावर चित्रकार उदेर्झो यांचे नाव ठळक झळकते. वाईरकर 2003 साली गेले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. ज्याने आमच्या हाती पेन्सिल दिली तो गेला, हे आम्हांस कळलेही नाही. पुढे इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेत उत्तम श्रेणी मिळाली. तरी चित्रांवर पोट भरत नाही, असे घरी ठरले. आम्ही पदवीधर झालो, केंद्र सरकारचे झालो, बेंगळूरकर झालो. पेन्सिल राहिली ती टिपणाच्या समासापुरती.

कन्या सुपंडी वाचते तो इंग्रजीत. मराठी ती बोलते. अक्षरे तिला परकी. त्या रात्री तिने सुपंडीचे चित्र गिरविले, आमच्याहून चांगले, आणि खाली आपले नाव घालू लागली.

"थांब," आम्ही म्हणालो. "ज्यानं आधी काढलं, त्याचं नाव वर लिही. मराठीत."

आम्ही अक्षरे सांगत गेलो. 'राम'चा काना राहिला, तो तिने मागाहून दिला. 'वाईरकर' लिहिताना ओळ कागदाबाहेर चालली.

मग खाली तिने आपले नाव लिहिले. तेही, कोणी न सांगता, देवनागरीत.