पडद्यावरचे कॅथलिक आणि आपण

मी चित्रपटांचा अभ्यासक नव्हे. रविवारची मिस्सा आणि दुपारचे जेवण आटोपले की घरच्यांसमवेत एखादा चित्रपट पाहणारा साधा प्रेक्षक आहे. अलीकडे मात्र चार हिंदी चित्रपट ठरवून पाहिले. चारही चित्रपटांत नायक वा नायिका कॅथलिक आहे. पडद्यावर आपण कसे दिसतो, हे मला पाहायचे होते.

पहिला मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७). ईस्टरच्या समारंभात अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो, तेव्हा आजही हसू आवरत नाही. अनाथ अँथनीला एक धर्मगुरू वाढवतो, हेही मनाला भिडते. त्याचे नाव आले आहे ते गोव्याचे संगीतज्ञ अँथनी गोन्साल्विस यांच्यावरून. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. मात्र पडद्यावरचा अँथनी दारूचा अड्डा चालवतो. गुरूचे नाव अमर झाले. त्यांची विद्या पडद्यामागेच राहिली.

हिंदी चित्रपटातील कॅथलिकाच्या हाती बाटली ही जणू ठरलेलीच. आपल्या लग्नात पेला उचललाच जात नाही, असा दावा मी करणार नाही. परंतु ईस्ट इंडियन घरातील खरी मानाची बाटली असते ती वर्षभराच्या मसाल्याची! ती कोणत्या दिग्दर्शकाने पाहिली आहे? गोरेगावची चित्रनगरी, अंधेरीचे स्टुडिओ आपल्या शेजारीच आहेत. तरीही मरोळ, आंबोली, गोराईच्या गावठाणांत पिढ्यानपिढ्या मराठीची बोली बोलणारा, उंबराच्या पाण्याने लग्नाची सुरुवात करणारा कॅथलिक मला पडद्यावर भेटलेला नाही. तेथील कॅथलिक मोडकी हिंदीच बोलतो. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मराठीशी आपले नाते इतके जुने आहे, हे त्या मोडक्या हिंदीतून कोणाला कसे कळावे?

बासू चटर्जी यांचा ‘बातों बातों में’ (१९७९) पाहताना मन सुखावले. टोनी आणि नॅन्सी यांची ओळख लोकलच्या डब्यात होते. नोकरी, पगार, मुलीच्या लग्नाची आईला लागलेली घाई. सारे आपल्याच घरातले वाटते. सईद मिर्झा यांचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) त्याहून खोल जातो. मोटार मेकॅनिक अल्बर्टला संपकरी कामगार हे गुंड वाटतात. गिरणीत काम करणाऱ्या त्याच्या वडिलांना मारहाण होते, तेव्हा आपला राग चुकीच्या दिशेने वळला होता, हे त्याला उमगते. येथे कॅथलिक हा विनोदाचा विषय राहत नाही. सदसद्विवेक जागा होणारा एक माणूस होतो.

शेवटी पाहिला ‘द फेस ऑफ द फेसलेस’ (२०२३). ही धर्मभगिनी राणी मारिया यांची जीवनकथा. केरळच्या या भगिनीने मध्य प्रदेशातील गोरगरिबांना सावकारीच्या पाशातून सोडवण्याचा प्रयत्न केला. १९९५ साली बसमधून प्रवास करीत असताना त्यांची निर्घृण हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, धर्मभगिनी सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. २०१७ साली इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

चित्रपट संपल्यावर घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. या कथेत आपले गावठाण नाही, आपली बोली नाही, आपला मसालाही नाही. तरीही चौघांत हाच चित्रपट मला सर्वाधिक आपला वाटला. गळ्यातला क्रूस, मेणबत्त्या, पांढरा झगा हे सारे कॅमेऱ्याला सहज टिपता येते. बहिणीच्या मारेकऱ्याला भाऊ म्हणणे, ही मात्र ख्रिस्ती माणसाची खरी ओळख.

आपल्या बोलीतला चित्रपट निघावा, ही इच्छा मी सोडलेली नाही. त्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आधी आपणच लिहून ठेवायला हव्यात. मात्र त्या लिहिताना लुगडे, मसाला आणि उंबराचे पाणी यांवरच आपण थांबलो, तर आपले चित्रही त्या अंड्यातल्या अँथनीइतकेच वरवरचे ठरेल. आपल्या घरांत कोणी कोणाला क्षमा केली, कोणी कोणासाठी झीज सोसली, तेही लिहायला हवे.