सबळ कारणावाचून

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. मालक भाडे घेण्याचे नाकारतात आणि माणूस पाठवून कसल्याशा कागदावर सही मागतात, म्हणून तू घाबरलीस. परंतु गिरगावातील ज्या खोलीचे भाडे तुझ्या सासऱ्यांपासून रीतसर पावतीने चालत आले, ती खोली मालकांच्या मर्जीवर नव्हे, कायद्याच्या आधारावर तुमच्याकडे आहे, एवढे आधी मनात पक्के धर.

1947 च्या मुंबई भाडे कायद्याची जागा 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली, तरी दोहोंचे मर्म एकच राहिले: जो भाडे देतो किंवा देण्यास तयार आहे, त्याला कायद्यात नमूद केलेल्या कारणावाचून बेदखल करता येत नाही, आणि ते कारण लघुवाद न्यायालयात शाबीत करण्याचा भार मालकावर असतो. थकबाकीसाठीसुद्धा लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबल्यावाचून दावा लावता येत नाही. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी गरज असली, तरी हुकूमनामा दिल्याने भाडेकरूचे हाल अधिक होतील की न दिल्याने मालकाचे, हे न्यायाधीशाला तोलून पाहावेच लागते. बेघर होऊ घातलेल्या माणसाच्या दुःखाची दखल घेणारी ही तरतूद मला साऱ्या कायद्यात अत्यंत मोलाची वाटते.

गोठलेल्या भाड्याविषयी मालकवर्गाची तक्रार निराधार नव्हती. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती रास्त ठरवली, आणि नव्या कायद्याने दरसाल 4 टक्के वाढ दिली. त्या वाढीवर हुज्जत घालू नकोस. भाडे अपुरे असेल तर ते वाढवावे. त्यापायी बिऱ्हाड रस्त्यावर आणणे हा न्याय नव्हे.

तू वर्णन केलेला कागद मात्र अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार दिसतो. त्यावर मुळीच सही करू नकोस. भाडेकरूचे हे संरक्षण त्या करारावर राहणाऱ्याला नाही. मुदत संपताच मालक काहीही कारण न सांगता सक्षम प्राधिकाऱ्याकडे कब्जा मागू शकतो. मुंबई-पुण्यातील किती तरी तरुण कुटुंबे आज अशा करारावर दिवस काढीत आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी आवाज उठवीत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

भाडे दरमहा मनीऑर्डरने पाठव. 'घेण्यास नकार' असा शेरा पडून ती परत आली, तर तो कागद जपून ठेव; तू भाडे देण्यास तयार होतीस, याचा तो पुरावा आहे. पाणी-वीज तोडण्याची धमकी आली तरी डगमगू नकोस, तसे करणे गुन्हा आहे. जुन्या पावत्यांच्या नकला मला पाठव, आणि त्या अद्याप सासऱ्यांच्याच नावाच्या असतील, तर त्यांच्या निधनसमयी तुम्ही त्यांच्याजवळच राहत होता हे दाखवणारी शिधापत्रिकाही सोबत जोड. वकिलांना दाखवून पुढचे लिहितो.

तुझा,
काका