आईचे गुडघे आणि पिवळी टॅक्सी

२०१६ साली माझी पोस्टिंग कलकत्त्याला, फोर्ट विल्यममध्ये होती. (आता त्याचं नाव विजयदुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून!) साताऱ्याहून आई-बाबा पहिल्यांदाच इतक्या लांब आले होते. मी नुकतीच सात सीटची गाडी घेतली होती. घेताना काय पाहिलं? मायलेज, हप्ता आणि बदलीच्या वेळी काळ्या ट्रंका मागे मावतील का. शोरूममध्ये टेप लावून डिकी मोजली. माणसं मोजली नाहीत.

रविवारी दक्षिणेश्वरला निघालो. बाबा पुढे, मधल्या सीटवर ही आणि दोन्ही मुलं. आई म्हणाली, "मी बसते मागं, मोकळं आहे." खरंच मोकळं होतं, पण ते नुसतं दिसायला. शेवटच्या रांगेत खालची फरशी उंच आणि सीट बुटकी. गुडघे कमरेच्या वर जातात, मांडीखाली आधार राहत नाही, सगळा भार माकडहाडावर. त्यात उत्तर कलकत्त्याची गर्दी. तास-सव्वा तास ती तशीच बसली. एक शब्द नाही.

पोचल्यावर तिला उतरताच येईना. मी आणि बाबांनी दोन्ही बाजूंनी धरून काढलं. "काय न्हाई रं, मुंग्या आल्यात जरा," म्हणाली. पण मंदिराच्या पायऱ्या ती चढू शकली नाही. इतक्या लांबून आलेली माझी आई अंगणातूनच हात जोडून परतली. येताना तिला पुढे बसवलं, पण उशीर झाला होता.

पुढच्या रविवारी काली घाटला फक्त तिघंच गेलो, पिवळ्या अँबेसेडर टॅक्सीने. ड्रायव्हर बिहारचा, वयस्कर. त्याने उतरून दार उघडलं आणि म्हणाला, "माताजी, पहले बैठ जाइए, पाँव बाद में." आई पाठमोरी टेकली, मग वळून पाय आत घेतले. घरातल्या खुर्चीवर बसावं तशी!

तेव्हा कळलं, ही जुनी गाडी लोकांना का आवडायची. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली, १९५० च्या दशकाअखेरपासून मे २०१४ पर्यंत कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनत होती. सीट उंच, छत उंच, मागे सोफ्यासारखा सलग बाक. ट्रामच्या रुळांवरून जाताना मागचे पाटे झोके देत. एसी नाही, पिकअप नाही, पण म्हातारं माणूस ताठ बसू शकायचं. पंधरा वर्षांच्या नियमामुळे त्या टॅक्सी आता रस्त्यावरून संपत आल्यात.

फौजेत आम्ही ताफा चालवतो तो सगळ्यात हळू गाडीच्या वेगाने. घरच्या गाडीला हाच नियम लावायचं मला सुचलं नव्हतं. रिटायर होऊन गाडी घेणाऱ्या मित्रांना एवढंच सांगेन, की घरातलं सगळ्यात दुखरं माणूस शोरूमला न्या, सगळ्यात वाईट सीटवर अर्धा तास बसवा आणि "बरं आहे" म्हणालं तरी उतरताना बघा.

पुढची गाडी घेताना मी आईला घेऊन गेलो. पाच सीटची, उंच सीटची निवडली. ती म्हणाली, "आणि तुझ्या ट्रंका रं?"

म्हटलं, "ट्रंका ट्रकने जातील."