अठरा टक्क्यांचा मोह

न्यू जर्सीत घर बघायला गेलं की किमतीच्या पाठोपाठ घरपट्टीचा प्रश्न येतोच. राज्यात सरासरी पट्टी वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास, दर तिमाहीला हप्ता. तो थकला की नगरपालिका आधी घर विकत नाही, थकबाकी लिलावात काढते. ती तुम्ही भरायची, सर्टिफिकेट घ्यायचं आणि मालकाने पैसे चुकते केले की व्याजासकट वसूल करायचे. व्याजाची कमाल मर्यादा १८ टक्के. आमच्या जर्सी सिटीत चार मराठी माणसं जमली की एखादा हा आकडा काढतोच, वर म्हणतो, "नाही फेडलं तर घर आपलं!"

पण इथे बोली उलटी लागते. १८ वरून सुरू होते आणि जो कमी व्याज मागेल तो जिंकतो. चांगल्या घरांवर फंडवाले बसलेले असतात. ते व्याज शून्यावर आणतात आणि वर नगरपालिकेला प्रीमियम देऊ करतात. समजा, ६,००० डॉलरची थकबाकी तुम्ही ५,००० प्रीमियम देऊन घेतली. अडकले ११,००० आणि सर्टिफिकेटवर व्याज शून्य. मालकाने फेडलं तर ४ टक्के दंडाचे २४० डॉलर तेवढे हातात. प्रीमियम बिनव्याजी परत येतो. पाच वर्षांत कुणी फेडलंच नाही तर तो नगरपालिकेचा.

मग फंडवाल्यांना परवडतं कसं? मालकाची पुढची थकबाकीही ते भरत राहतात. तिच्यावर १,५०० डॉलरच्या पुढे १८ टक्के मिळू शकतात. त्यासाठी शेकडो सर्टिफिकेटं, वकील आणि दम लागतो. नवख्याच्या वाट्याला उरते ती दोन घरांमधली चिंचोळी पट्टी नाहीतर जमिनीत तेल मुरलेला बंद पेट्रोल पंप. त्याचा मालक पैसे भरायला येतच नाही.

घर मिळण्याचं म्हणाल, तर आधी दोन वर्षं थांबायचं, मग कोर्ट. त्यातही २०२३ पासून हवा पालटली आहे. मिनियापोलिसच्या जेराल्डीन टायलर या वृद्धेचा मूळ कर सुमारे २,३०० डॉलर थकला होता. दंड-व्याजासह तो १५,००० झाला. काउंटीने तिचा फ्लॅट ४०,००० ला विकून सगळे पैसे ठेवून घेतले. वरची रक्कम ठेवता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने एकमताने बजावलं. न्यू जर्सीनेही २०२४ मध्ये कायदा बदलला.

मला हे बरंच झालं असं वाटतं. लिलावाच्या यादीत ब्लॉक आणि लॉट नंबरांशेजारी मालकांची नावं छापलेली असतात, त्यात आपल्या गल्लीतलंही एखादं असू शकतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: नवख्याने यात बचत घालू नये. फारच खुमखुमी असेल तर यादीतली पाच घरं प्रत्यक्ष पाहा, एक लिलाव रिकाम्या हाताने बसून पाहा. आणि १८ टक्क्यांचं सेमिनार विकणाऱ्याला विचारा, स्वतःची किती सर्टिफिकेटं त्याने १८ टक्क्यांनी घेतली.