चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे ज्याचा ठावठिकाणा ठरलेला नाही अशा माणसाविषयी थोडी कीव करीतच वापरली जाते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मात्र असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हौसेने हिंडणारी माणसे हंगामात वळणावळणावर भेटतात. पांढरी, उंच, पेटाऱ्यासारखी गाडी; पुढे चालकाची जागा, मागे दोन माणसांना पाय पसरून निजता येईल एवढा बिछाना, शेगडी, मोरी, शीतकपाट, आणि एका कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. हिचे नाव कॅम्परव्हॅन. जर्मनीत १९५१ साली वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाडीत बसवता येईल असा बिछान्या-कपाटांचा एक पेटारा बाजारात आणला. तेव्हापासून हे वेड जगभर पसरले.

आपल्याकडे दिवाळीचा फराळ संपत येतो तेव्हा तेथे वसंत ऋतू रंगात आलेला असतो. मुलगा किंवा लेक तिकडे स्थायिक झालेली अशी मराठी घरे आता थोडी नाहीत. आईवडील महिना-दोन महिन्यांसाठी जातात, आणि मग कोणीतरी सुचवते, "गाडीच भाड्याने घ्या की! हॉटेल नको, सामान उचलणे नको, आणि जेवण घरचे." सूचना उत्तम आहे. वाहन डाव्या बाजूनेच चालवायचे, पाट्या इंग्रजीत, रस्ते गुळगुळीत. मग अडचण ती कसली?

अडचण असते ती या गाडीच्या स्वभावाची. नवखी माणसे तेथे ज्या चुका करतात त्या नीट पाहिल्या, तर बहुतेकांचे मूळ एकच दिसते. गाडी रस्त्यावर असली म्हणजे माणूस तिला नुसती मोटार समजतो, आणि थांबली म्हणजे नुसते घर समजतो. वस्तुतः ती धड मोटारही नाही आणि धड घरही नाही.

प्रथम मोटारीचे पाहू. दक्षिण बेट महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे. नकाशावर ते तळहाताएवढे दिसते, आणि तेथेच पहिला घोटाळा होतो. क्राइस्टचर्चहून क्वीन्सटाउन सुमारे ४८० किलोमीटर. ताशी शंभराची मर्यादा, तेव्हा पाच तासांत पोचू, असा हिशेब कागदावर होतो. पण हा रस्ता डोंगरातून आणि सरोवरांच्या काठाने वळसे घेत जातो. सहासात मीटर लांब, सव्वातीन मीटरच्या आसपास उंच आणि तीनसाडेतीन टन वजनाचा पेटारा वळणावर लहान मोटारीसारखा वळत नाही. चढावर धापा टाकतो. उतारावर मागून सारा संसार ढकलीत असतो. वळणाच्या आधी पिवळ्या पाटीवर जो आकडा दिसतो तो साध्या मोटारीसाठी आहे असे समजून आपण त्याहून थोडे खालीच राहावे. एकंदरीत दिवसाला दोनशे किलोमीटर ही चांगली मजल. त्याहून अधिक जो योजतो, तो सरोवरे पाहत नाही, पाट्या पाहतो.

ते आनाऊ गावच्या तळावरील सामाईक स्वयंपाकघरात सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांच्याजवळ वहीच्या पानावर आखलेले बारा दिवसांचे वेळापत्रक होते, अगदी शाळेच्या तासांसारखे. त्यांत 'क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड आणि परत' हे एका दिवसाचे काम होते. सरळ रेघेत पाहिले तर ही दोन ठिकाणे शेजारी आहेत. पण मधे डोंगर असल्याने रस्ता ते आनाऊवरून वळसा घेतो, आणि जाऊन-येऊन जवळजवळ सहाशे किलोमीटर होतात. बाई पोळ्या भाजता भाजता म्हणाल्या, "अहो, खिडकीतून डोंगर पळताना पाहायचे, तर आपली एस. टी. काय वाईट आहे? तिथे गाडी तरी दुसरा कोणी चालवतो." मास्तरांनी वही मिटली. त्या रात्री आणि पुढच्याही रात्री त्यांचा मुक्काम ते आनाऊलाच पडला.

ते आनाऊपासून मिलफर्डपर्यंतचा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता या बेटावरचा सर्वांत देखणा आणि तितकाच अवघड. निघण्यापूर्वी गावातच टाकी भरून घ्यावी. वाटेत १९५४ साली वाहतुकीस खुला झालेला होमर बोगदा लागतो. सव्वा किलोमीटर लांबीचा, खडकातच कोरलेला आणि मिलफर्डकडे उतरत जाणारा. मे ते नोव्हेंबर या काळात हिमकडे कोसळण्याची भीती असते. चाकांना लावायच्या साखळ्या जवळ बाळगण्याचा फलक दिसला तर ते बंधन असते, सल्ला नव्हे. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. खाली वसंत असला तरी वर हिवाळा उठून गेलेला नसतो. पाऊस म्हणाल तर मिलफर्डला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. आंबोली-महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला त्याची कल्पना द्यावी लागणार नाही. पाऊस पडला म्हणून हळहळू मात्र नये, कारण तेथले शेकडो धबधबे पाऊस असतो तोवरच असतात.

बोगद्याच्या तोंडाशी गाडी उभी केली की किआ नावाचे हिरवे पोपट भेटीस येतात. हा जगातला एकमेव पहाडी पोपट. मोठा हुशार आणि तितकाच उचापतखोर. खिडकीच्या कडेचे रबर चोचीने ओढून काढण्यात त्याला विशेष गोडी. लोक कौतुकाने त्याला बिस्किट देतात. त्यामुळे माणसाजवळ खायला मिळते असे तो शिकतो, रस्त्यावर रेंगाळतो आणि गाडीखाली येतो. त्याला काही न देणे हीच त्याच्यावरची माया.

रस्त्याच्या आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे एकेरी पूल. हमरस्त्यावरही असे पूल आहेत की एका वेळी एकाच बाजूची वाहने जाऊ शकतात. पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असला तर आपण थांबायचे, समोरच्याला जाऊ द्यायचे. तेथे 'आधी घुसेल त्याचा पूल' हा आपला न्याय चालत नाही. दुसरी म्हणजे मागची रांग. आपण सत्तरने चाललो आहोत आणि मागे सहा मोटारी तुंबल्या आहेत असे आरशात दिसले, तर पहिल्या मोकळ्या जागी डावीकडे थांबून त्यांना जाऊ द्यावे. आपण सहलीला आलेलो असतो; मागच्या मोटारीत कोणी कामावर निघालेले असते, कोणी दवाखान्यात. चिडलेला माणूस वळणावर पुढे घुसतो, आणि मग आपली सावकाशीच दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

त्यातून पहिला दिवस सर्वांत धोक्याचा. तेथले घड्याळ वसंत-उन्हाळ्यात आपल्या साडेसात तास पुढे असते. विमानातून रात्रभर अवघडून उतरलेला माणूस त्याच दुपारी अनोळखी, अवजड गाडी घेऊन निघतो, याला धाडस म्हणत नाहीत. एक रात्र क्राइस्टचर्चला पलंगावर झोपावे. दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेताना तासभर उभे राहून प्रत्येक खटका, नळ आणि झाकण समजून घ्यावे. गाडीच्या बाहेरच्या अंगाला दोन तोंडे असतात, एक इंधनाचे आणि एक पाण्याचे. इंधनाच्या टाकीत पाणी भरणारे नवखे असतात, आणि त्यांची सहल तेथेच संपते. गाडी डिझेलची असेल तर आणखी एक हिशेब आहे. त्या देशात डिझेलवरील रस्त्याचा कर पंपावर न घेता किलोमीटरवर घेतात. तो गाडी परत करताना भरावा लागतो. पंपावरचे डिझेल स्वस्त पाहून हरखलेल्यांना हे शेवटच्या दिवशी कळते.

आता घराचे. घरात नळ सोडला की पाणी येते, बटण दाबले की वीज येते, आणि सांडपाणी कोठे जाते याचा विचार कोणी करीत नाही. येथे तिन्ही गोष्टींना तळ आहे. तेथील नियमात स्वयंपूर्ण गाडीसाठी पाण्याचे किमान माप माणशी दिवसाला ४ लिटर, म्हणजे तीन दिवसांना १२ लिटर, असे धरले आहे. आपली आंघोळीची एक बादली याहून मोठी असते! गाडीच्या टाक्या या मापाहून मोठ्या असतात हे खरे. तरी आंघोळ तळावरच्या न्हाणीघरात करावी आणि गाडीतले पाणी चहा-स्वयंपाकाला राखावे. विजेचेही तसेच. दिवे आणि शीतकपाट बॅटरीवर चालतात, पण सूक्ष्मलहरींची भट्टी किंवा गरम हवेचा पंखा तळावरील विजेची तार जोडल्यावरच चालतो. म्हणून दर दोनतीन रात्रींनी एकदा वीज असलेल्या तळावर उतरण्याचा बेत ठेवावा.

स्वयंपाकाविषयी मराठी माणसाला वेगळे सांगायला हवे. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची करपली की छतावरचे धुराचे यंत्र असा आक्रोश करते की सारा तळ जागा होतो. ते यंत्र काढून ठेवू नये. खिडकी आणि वरचे झाकण उघडावे, किंवा फोडणी सामाईक स्वयंपाकघरात द्यावी. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणे ही मात्र थट्टेची गोष्ट नाही. बंद गाडीत जळत्या गॅसमुळे जो विषारी वायू साचतो त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. गाडी चालू करण्यापूर्वी गॅसची टाकी बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, विजेची तार काढलेली, पायरी आत घेतलेली, एवढे रोज सकाळी पाहायचे. एकाने मोठ्याने म्हणावे, दुसऱ्याने हात लावून पाहावे. नाहीतर पहिल्याच वळणावर डाळीची बरणी पुढे येऊन बसते.

वाऱ्याचा प्रकार निराळा. कँटरबरीच्या मैदानात वायव्येकडून सुटणारा वारा उंच गाडीला हलवून सोडतो, आणि अर्धवट उघडलेले दार बिजागरीसह उलटवतो. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडावे. रात्री चिखलाच्या किंवा ओल्या गवताच्या जागी चाके उतरवू नयेत. संध्याकाळी मऊ लागलेली जमीन सकाळी सोडीत नाही. पश्चिम किनाऱ्यावर तर वाऱ्याचा अभाव हेच संकट. वारा पडला की चावऱ्या माशा घेरतात. माओरी लोक त्यांना 'नामू' म्हणतात. त्यांची कथा अशी की, मिलफर्डचे सौंदर्य पाहून माणसे तेथेच रेंगाळतील या चिंतेने मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो हिने या माशा सोडल्या. संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी दार लावून घ्यावे, हा त्यावरचा साधा उपाय.

राहता राहिला तो कपाटाएवढा संडास. त्याचाच विषय टाळण्याकडे सर्वांचा कल असतो, आणि त्या देशाचा पाहुण्यांवरील राग याच विषयातून उद्भवला आहे. तळाशिवाय, सरोवराच्या काठी किंवा समुद्राच्या तोंडाशी फुकट रात्र काढू देण्याची तेथे जुनी रीत. पाहुणे वाढले, झुडपांआड घाण दिसू लागली, गावकरी संतापले. २०११ साली या मुक्कामांसाठी कायदा झाला. २०२३ साली तो कडक झाला आणि स्वयंपूर्ण ठरण्यासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास हवा असे ठरले. नुसता हलता डबा पुरेनासा झाला. आज कोठे राहावे, किती रात्री राहावे याच्या पाट्या जागोजाग आहेत आणि मोडणाऱ्याला शेकडो डॉलरांचा दंड आहे. पण खरा दंड पैशाचा नव्हे. एकाने सांडपाणी ओढ्यात सोडले की त्या काठावर 'मुक्कामास मनाई' अशी पाटी लागते, आणि पुढच्या हजारांना तेथली पहाट दिसत नाही.

मैला आणि सांडपाणी ओतण्यासाठी गावोगाव ठरावीक जागा आहेत. तेथे दोन नळ असतात. एक धुण्याचा, एक पिण्याच्या पाण्याचा. संडासाची पेटी पिण्याच्या नळाखाली धरणे ही नवख्या माणसाची सर्वांत वाईट चूक, कारण तिचा त्रास त्याला होत नाही, मागून येणाऱ्याला होतो. हातमोजे घालावेत, पेटी रिकामी करावी, जागा धुवावी आणि मगच निघावे. पाच मिनिटांचे काम आहे.

विमानतळावरही हीच दृष्टी ठेवावी. लाडू, लोणचे, मसाले, मध, जे काही पिशवीत असेल ते अर्जावर न चुकता लिहावे. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील; न लिहिलेली सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर. चिखलाचे बूटही घरूनच धुऊन न्यावेत. बाहेरच्या एका बीने किंवा किडीने आपले रान बिघडेल ही त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे.

दहा दिवस हाती असतील तर अख्खे बेट पायाखाली घालण्याचा हट्ट सोडावा. क्राइस्टचर्च, टेकापो, आओराकीचा पायथा, वानाका, ते आनाऊ, मिलफर्ड, आणि परत. एवढे पुष्कळ झाले. टेकापोचा परिसर २०१२ पासून काळोखासाठी राखलेला आहे. गावातले दिवेसुद्धा जमिनीकडे तोंड करून लावतात, की वर आकाश काळे राहावे. तेथे एक रात्र जास्त राहावे. गाडीतला दिवा मालवावा, शाल पांघरून पायरीवर बसावे आणि दक्षिणेचे आकाश पाहावे. आपल्याकडून कधीच न दिसणारे तारे तेथे डोक्यावर येतात. सकाळी निघताना गाडीभोवती एक फेरी मारावी. कड्या, तार, पायरी पाहून झाली की खाली गवताकडेही पाहावे. कागदाचा कपटा पडला असेल तर तो आपला नसला तरी उचलावा.