किल्लेकोट

पंचाहत्तरी जवळ आली असताना मी बुद्धिबळ शिकतेय म्हटल्यावर भिशीतल्या मैत्रिणी हसल्या. पण शिकतेय खरी! गुरू म्हणजे पुण्याची दहा वर्षांची नात. फोनवर शिकवणी चालते. साध्या चाली पटकन जमल्या, अगदी घोड्याची अडीच घरंसुद्धा. खरा कस लागला तो खास चालींना.

माहेरी मी वडिलांचा देशी डाव पाहिला होता. त्यात प्यादं नेहमी एकच घर पुढे जायचं आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. पंजाबचे सुलतान खान असल्याच देशी नियमांत वाढले. नवे नियम ते मागाहून शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आले. म्हटलं, आपल्याला निदान नातीबरोबर खेळण्यापुरतं तरी जमेल!

नव्या डावात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जाता येतं. पण तसं जाऊन ते शत्रूच्या प्याद्याशेजारी उभं राहिलं, तर ते एकच घर आलंय असं समजून शत्रूचं प्यादं त्याला तिरकं मारू शकतं. ह्याला म्हणतात 'आँ पासाँ'. मारायचं ते लगेच पुढच्याच चालीत, नंतर हक्क गेला. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा होतं, राजा मात्र कधीच नाही. पहिला वजीर पटावर असतानाही दुसरा घेता येतो, ह्याची मला भारी गंमत वाटली.

मी अडकले ती किल्लेकोटात. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे शेजारी बसतो. अटी किती! दोघंही आधी हललेले नकोत, मधली घरं रिकामी हवीत, राजाने ओलांडायच्या घरावर शत्रूचा मारा नको. आणि मुख्य म्हणजे, राजाला शह बसलेला असताना किल्लेकोट करताच येत नाही.

"मग संकटात उपयोग काय गं ह्याचा?" मी विचारलं.

"आजी, संकट यायच्या आधीच करायचा असतो तो!"

मुलगा दोन वर्षं म्हणतोय, सांगलीचं घर आवरा आणि आमच्याकडे या. आमचं उत्तर ठरलेलं, "हातपाय चालताहेत तोवर इथेच." गेल्या पावसाळ्यात ह्यांचा तोल दोनदा गेला, सुदैवाने लागलं नाही. त्या रात्री मी ह्यांना किल्लेकोट समजावला. म्हटलं, राजा कोपऱ्यात जातो खरा, पण त्याच चालीत हत्ती पुढे येतो. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अंगणातला पारिजातक कोण बघेल?"

त्याचं उत्तर काही बुद्धिबळात नाही. शेजारच्या वहिनींना विचारलंय. त्या हो म्हणाल्या आहेत. दिवाळीनंतर निघायचं ठरतंय.