खोटी कुस्ती, खरे पडणे

मंगळवारची पहाट ही माझ्या आठवड्यातील एकमेव चोरटी वेळ आहे. अमेरिकेत सोमवारची रात्र रंगात आलेली असते, तेव्हा कोलकात्यात मंगळवार उजाडत असतो. खालच्या गल्लीत मासळीवाल्याची पहिली हाक उठते, नळाला पाणी येते, आणि मी चहाचा पेला हाती घेऊन फोनच्या वीतभर पडद्यावर दोन धिप्पाड गृहस्थांचा एकमेकांस उचलून आपटण्याचा सोहळा पाहत बसलेला असतो. दोन-तीन तासांनी मी केंद्र सरकारचा एक आज्ञाधारक कारकून होणार असतो. तोपर्यंत मात्र मी निव्वळ प्रेक्षक असतो, आणि तोही अशा खेळाचा की ज्याचे नाव चारचौघांत घ्यायला संकोच वाटावा.

हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाच्या निमित्ताने आम्ही बदलीवर आलेली मंडळी एकत्र जमतो. कुणी नाट्यसंगीतात पारंगत असतो, कुणी सत्यजित राय यांच्या चित्रपटांवर अधिकाराने बोलतो. माझ्या आवडीविषयी कुणी विचारले की मी ‘वाचन’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. पस्तिशीतल्या पदवीधर माणसाने व्यावसायिक कुस्तीचे खेळ आवडीने पाहावेत, हे सांगायचे कसे? कारण त्यावर येणारा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “अहो, पण ते सगळे खोटे असते ना?”

हा प्रश्न मी प्रथम ऐकला तो माझ्या आजोबांच्या तोंडून. आजोबा कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातील तालमीत वाढलेले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आमच्या पंचक्रोशीतले. त्यामुळे कुस्ती हा आजोबांच्या दृष्टीने जवळजवळ कुलाचाराचाच भाग होता. दूरदर्शन संचावर रंगीत चड्ड्या घातलेले मल्ल दोरांना टेकून गर्जना करू लागले की ते म्हणत, “ही नुरा कुस्ती. आधी ठरवून लढायचं आणि लोकांचे पैसे घ्यायचे. आमच्या जत्रेत असं कुणी केलं असतं तर लोकांनी हौद्यातून हाकलून दिलं असतं.”

आजोबांचे म्हणणे खरे होते. या खेळात कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते, आणि आता ते कुणी लपवीतही नाही. पण मी कोलकात्यात आल्यावर मला एक गमतीची गोष्ट कळली. खरी कुस्ती आणि देखाव्याची कुस्ती यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जुनी नाही, आणि ती ज्यांनी ओलांडली त्यांत या शहराचा एक थोर पुत्र होता. उत्तर कोलकात्यातील यतींद्रचरण ऊर्फ गोबर गुहा हे आखाड्याच्या घराण्यातले. त्यांचे आजोबा अंबिकाचरण गुहा यांनी बंगाली भद्रलोकांना लाल मातीची गोडी लावली. हा नातू अमेरिकेस गेला आणि १९२१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅड सँटेल यास हरवून लाइट हेवीवेट गटाचा जागतिक विजेता ठरला. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती पूर्णपणे नाटकाकडे वळली ती त्याच दशकात. म्हणजे आखाड्यातून निघालेला हा मल्ल तेथे पोहोचला तेव्हा रंगभूमीचा पडदा नुकताच वर जात होता.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारा पाडा त्यांना मेजोदा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. माझे गुपित त्यांना भिंतीपलीकडून कळले. एके दिवशी जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, “तुमच्या घरातून पहाटे माणसे पडल्याचा आवाज येतो. कुस्ती का?” मी ओशाळून मान हलवली. त्यांचा चेहरा मात्र उजळला. १९५९ साली दारासिंगने जॉर्ज गॉर्डिएन्को यास कोलकात्यातच हरवून राष्ट्रकुलाचे विजेतेपद मिळवले, तेव्हा मेजोदा सात-आठ वर्षांचे होते आणि वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती लढत पाहिली होती. मी भीतभीत तोच प्रश्न विचारला: ती कुस्ती खरी होती का? मेजोदा हसले. म्हणाले, “यात्रेत रावण मेला की तुम्ही त्याची नाडी पाहायला रंगमंचावर चढता का?” यात्रा म्हणजे आपल्या दशावतारासारखे बंगालचे लोकनाट्य. क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, “पण तो आपटला तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो आवाज काही नाटकाचा नव्हता.”

मेजोदांनी माझ्या आवडीचे मर्म एका वाक्यात सांगितले होते. या कुस्तीत निकाल खोटा असतो, पडणे खरे असते. रिंगणाखाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळशी गादी आणि तिच्यावर ताणलेले जाड कापड, एवढाच काय तो आधार. त्यावर पडताना हनुवटी छातीशी घ्यावी लागते, पाठीचा वरचा भाग एकदम टेकवावा लागतो आणि हात पसरून जमिनीवर आपटावे लागतात, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर विभागला जातो. उचलणारा आणि उचलला जाणारा हे वरवर शत्रू; प्रत्यक्षात एकाची मान दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवलेली असते. कानाशी कुजबुजून पुढचा डाव ठरतो. उत्तम मल्ल तो, जो प्रतिस्पर्ध्याला ठार करीत असल्यासारखा दिसतो आणि त्याला सुखरूप घरी पाठवतो. माझ्या मते या कलेचे सारे सौंदर्य यात आहे.

मात्र या सौंदर्यावर प्रेक्षकाचे समाधान होत नाही. त्याला उंची हवी असते. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे मिक फोली नावाच्या मल्लास सुमारे १६ फूट उंचीच्या पिंजऱ्याच्या छतावरून खाली समालोचकांच्या मेजावर फेकण्यात आले. तो उठला, पुन्हा वर चढला आणि छत तुटून पुन्हा खाली कोसळला. या खेळाचे चाहते तो प्रसंग आजही भक्तिभावाने सांगतात. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट या मल्लास सभागृहाच्या छतातून दोराने रिंगणात उतरवायचे ठरले होते. पट्ट्याची कडी अवेळी सुटली आणि तो सुमारे ७८ फुटांवरून कोसळून मरण पावला. तो ३४ वर्षांचा होता. त्या रात्रीचा खेळ मात्र थांबला नाही. पुढच्या जोड्या आल्या, लढल्या. लोक बसून राहिले.

अलीकडे ही हाव कमी झाली आहे असे म्हणवत नाही. मार्च २०२४ मध्ये स्टिंग या ज्येष्ठ मल्लाच्या निरोपाच्या लढतीत त्याचा तरुण साथीदार डार्बी अ‍ॅलिन याने उंच शिडीवरून थेट काचेच्या तावदानावर उडी घेतली आणि त्याची पाठ रक्ताने माखली. स्टिंग तेव्हा पासष्टीला टेकलेला होता. त्या वृद्धाचा शांत निरोप पाहायला बसलेल्या मला, डोळ्यांपुढून ती काच काही केल्या हलविता आली नाही. याउलट १३ डिसेंबर २०२५ रोजी जॉन सीनाची अखेरची लढत झाली. गुंथरने त्याचा गळा आवळून धरला आणि शेवटी सीनाने हाताने थोपटून हार कबूल केली. ना शिडी, ना काच. एका माणसाने थकणे मान्य केले, एवढेच. सभागृहातील लोक खवळले. मला मात्र ती लढत फार आवडली. माझे हे मत बहुसंख्य चाहत्यांना पटणार नाही, हे मी जाणतो.

उंच उड्यांविषयी माझे मन असे का कडवट झाले, त्याचे कारण या खेळाच्या इतिहासात नाही. ते आमच्या घराच्या पडवीत आहे.

२००३ सालची मे महिन्याची सुट्टी. मी तेरा वर्षांचा, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. जेफ हार्डी हा मल्ल शिडीवरून कोलांटी घेत पाठीवर उडी मारी. त्याने आम्हांला वेड लावले होते. पडवीत दोन गाद्या एकावर एक टाकून पोटमाळ्यावरून उडी घेण्याचा बेत ठरला. माझे धैर्य होईना. धाकटा वर चढला, कडेला आला आणि खाली पाहून थबकला. तेव्हा मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दूरदर्शन संचावरचे लोक वाजवत तशा, ठेक्यात. त्याने माझ्याकडे पाहिले आणि उडी मारली. गादीची कड चुकली. उजवे कोपर मोडले.

आजोबांना मी सांगितले, “तो आपण होऊन उडी मारून बसला. मी नुसता पाहत होतो.” आजोबांनी मारले नाही, रागावलेही नाही. ते एवढेच म्हणाले, “बघणाऱ्यानं ‘हां’ म्हटल्याशिवाय एवढ्या उंचावरनं कोण उडी मारत नाही. तालमीत कुस्ती खेळायच्या आधी माती उकरतात, ती कशापायी? पडणारा आपलाच असतो, म्हणून.” मग त्यांनी मला शिक्षा सांगितली. भावाचा हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत दोन्ही वेळचा घास मी त्याला भरवायचा. पाच आठवडे मी भाकरी कुस्करून त्याच्या तोंडात घास घातले. तो एका शब्दानेही मला बोलला नाही. ते न बोलणेच मला जड गेले.

१६ जून २०१९ हा रविवार होता. मँचेस्टर येथे विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना चालू होता आणि सारे कोलकाता पडद्यापुढे बसले होते. त्याच दिवशी हावडा पुलाजवळ चंचल लाहिरी हे जादूगार हातपाय साखळदंडांनी व दोरांनी जखडून घेऊन हुगळीत उतरले. बंधने सोडवून ते वर येणार होते. आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कार्यालयात विजयाच्या गप्पांमध्येच ती बातमी वाचली गेली आणि संध्याकाळी त्यांचा मृतदेह सापडल्याचे कळले. पण त्या बातमीतील दुसराच एक तपशील माझ्या मनात रुतून बसला. २०१३ साली याच जादूगाराने नदीत सोडलेल्या पिंजऱ्यातून सुटण्याचा प्रयोग केला होता. तेव्हा ते उघड दिसणाऱ्या दारातून बाहेर पडले हे काठावरच्या लोकांनी पाहिले आणि ते त्यांच्यावर चवताळून गेले. युक्ती दिसली म्हणून लोकांना फसवले गेल्यासारखे वाटले. सहा वर्षांनी युक्ती दिसली नाही. त्या दिवशी कोणाचीच फसवणूक झाली नाही.

तेव्हापासून ‘ते सगळे खोटे असते ना?’ या प्रश्नाने मी ओशाळत नाही. खोटे असते, आणि ते खोटेच असावे, अशी माझी प्रार्थना असते. मंगळवारी पहाटे एखादा मल्ल शिडी काढू लागला की मी फोन पालथा घालतो आणि चहा गाळायला जातो. मेजोदांनी एकदा भिंतीपलीकडून विचारलेही, “आज आवाज मध्येच बंद का झाला?”

मागल्या दिवाळीत रजा मिळाली, घरी गेलो. धाकटा आता दोन मुलांचा बाप आहे. त्याच्या मुलांनी अंगणात रिंगण आखले होते आणि मला पंच नेमले होते. मी आधी कुदळ मागवली. ओंजळीत भुसभुशीत येईपर्यंत माती उकरली. धाकटा ओट्यावरून पाहत होता. तो म्हणाला, “दादा, तू त्या वेळी टाळ्या फार छान वाजवल्या होत्यास.” बावीस वर्षांत प्रथमच तो त्याविषयी बोलला, आणि हसून बोलला. मला काय बोलावे ते सुचेना. दुपारी पंगतीत तो आग्रहाने जिलबी वाढीत माझ्यापुढे आला. त्याचा उजवा हात कोपरात अजून पुरता सरळ होत नाही; वाढताना तो थोडा वाकडाच राहतो. मी पान पुढे केले आणि तो वाढील तेवढे मुकाट्याने घेतले.